तूपमास्तर

सर म्हणजे भला माणूस, असं भोरात आता कुणी म्हणालं की माझं टाळकं सटकतं. ते इथं होते तेव्हा हीच तोंडं त्यांना येडा म्हणत होती. आणि भले तर ते मुळीच नव्हते. तिरसट होते, खवचट होते. समोरच्याचा अपमान होतोय हे त्यांना अपमान करून झाल्यावरही कळत नसे. मी त्यांच्या हाताखाली काम केलंय, त्यामुळे एवढं बोलायचा मला हक्क आहे. भल्या माणसाचं निदान लोक ऐकून तरी घेतात.

पुण्याच्या एका संस्थेनं भोरला एक जुनी भाताची गिरण भाड्यानं घेतली होती. यंत्रं काढून टाकलेली, पण भिंतींना कोंड्याचा वास तसाच. तिथं भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या बायकांना सकाळी उपाशीपोटी आणायचं, मोजून तूप घातलेली पेज पाजायची आणि दुपारपर्यंत तासातासानं हातातून थोडं थोडं रक्त काढायचं, हे आमचं काम. खाल्लेलं तूप पोटातून रक्तात उतरतं, रक्त गढूळ होतं, मग शरीर ते हळूहळू उचलून नेतं. ज्याचं रक्त लवकर निवळतं तो सुखी. ज्याचं गढूळच राहतं त्याच्या हृदयाला पुढं कधीतरी धोका. कुणाचं किती वेळात निवळतं ते मोजायला सरांना नेमलेलं होतं. मी नसरापूरची. वाड्यावाड्यांतून फिरून बायकांना समजावून आणायचं काम माझ्याकडे होतं.

सुरुवातीला संस्थेनं डब्यातलं कसलंसं परदेशी पेय पाठवलं होतं. वेल्ह्याकडच्या एका म्हातारीनं ते घोटभर घेतलं आणि सरांच्या बुटांवर ओकली. आम्ही सगळे गार. सर खाली वाकून बूट पुसता पुसता म्हणाले, "बाईंचं मत बरोबर आहे." दुसऱ्या आठवड्यापासून नाचणीची पेज आणि आंबवड्याच्या म्हशींचं तूप सुरू झालं. त्या तुपामुळेच भोरात त्यांचं नाव पडलं, तूपमास्तर.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. "तूप म्हणजे पाहुणा. पाहुणा आला कधी हे सगळं गाव सांगतं. गेला कधी, ते विचारा." हे त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला सांगितलं, घरमालकाला सांगितलं. नसरापूरला वडे तळणाऱ्याच्या कढईसमोर उभं राहूनही सांगितलं. तो झारा हलवत म्हणाला, "माझं गिऱ्हाईक आलं की मला बास हाय. जाईना का कुठंबी." सरांना हे उत्तर इतकं लागलं की दोन दिवस ते त्याच्यावर धुसफुसत होते. "वडा खाणाऱ्यांची जबाबदारी कुणी घ्यायची मग?" असं मलाच विचारायचे, जणू वडे मी तळत होते.

बसायचं त्यांना वावडं होतं. लिहायचं तर गिरणीच्या उंच ओट्यावर कागद ठेवून उभ्यानं. भाकरी हातावर घेऊन उभ्यानं. जेवण झालं की एसटी स्टँडला फेऱ्या, मग ऊन असो की चिखल. स्टँडवरची कुत्रीसुद्धा त्यांच्या मागून फिरायला लागली होती. एसटीत जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभे. एकदा कंडक्टर म्हणाला, "बसा की मास्तर, सीट रिकामी हाय." सरांनी त्याच्या पोटाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही तर मुळीच बसू नका." पुढच्या थांब्यावर आम्ही दोघंही खाली उतरलो. म्हणजे उतरवलंच.

का बसत नाहीत हे एकदाच सांगितलं होतं, तेही मी फार मागे लागले म्हणून. त्यांचे वडील पुण्यात किराणा भुसारचे व्यापारी. दिवसभर गादीवर. एका सणाला पोटभर जेवून दुकानात जाऊन टेकले ते पुन्हा उठलेच नाहीत. "मी तेव्हा समोर बसून पुड्या बांधत होतो," सर म्हणाले, आणि लगेच तुपाचा डबा नीट बंद का केला नाही म्हणून माझ्यावर ओरडले.

आंबवड्याच्या तूपवाल्यानं मुलीच्या लग्नाला बोलावलं होतं. पंगतीत बसायला नकार देऊन सर आधीच पाहुण्यांच्या डोळ्यावर आलेले. त्यात वाढपी तुपाची तपेली घेऊन आला तशी यांनी शबनम पिशवीतून छोटा वजनकाटा काढला आणि वाटीभर तूप त्यावर ठेवलं. झालं! भेसळ पकडणारा साहेब आला म्हणून मांडवात कुजबुज. मुलीचा बाप हात जोडून पळत आला, "सायेब, घरच्या म्हशीचं हाय, पोरीची शप्पत." सर म्हणाले, "चांगलंच आहे. फार वाढताय." मग जेवून मांडवाभोवती फेऱ्या सुरू. दोन पोक्त माणसांना वाटलं मास्तरांच्या चपला गेल्या. तीही त्यांच्याबरोबर वाकून वाकून शोधायला लागली. मी तोंडात पदर कोंबून हसत होते. तेव्हा हसायचे दिवस होते.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीत सुलाबाई राहायच्या. मी त्यांना मावशी म्हणायची. काडीसारख्या, काळ्यासावळ्या, दात पुढं. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा दत्ता कंपनीत कामाला, कात्रजला फ्लॅट घेऊन बायकोबरोबर राहायचा. मावशी एकट्या भाताचं खाचर आणि डोंगरउतारावरची नाचणीची वरकस सांभाळून होत्या. गिरणीत यायला माझ्या शब्दावर पहिल्या त्या तयार झाल्या, आणि सरांना जेरीसही पहिल्यांदा त्यांनीच आणलं. पेज पिऊन झाली, हाताला सुई लावलेली, आणि मावशींनी तसाच केरसुणीला हात घातला.

सर ओरडले, "बाई! बसा! आज बसणं हेच तुमचं काम आहे!"

"कुनी फुकाट पेज पाजली आन् हात बांधून बसायचं? घास नरड्याखाली उतरत न्हाई वो सर."

"हालचाल केली तर माझं मोजमाप चुकेल."

"मंग उगं तांदूळ तरी निवडायला द्या."

शेवटी सर स्वतः दारात उभे राहिले आणि दुपारपर्यंत एकाही बाईला जागची हलू दिली नाही. माझ्या देखत बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत अवघडून बसल्या होत्या. रिकामं बसायची त्यांना लाज वाटत होती.

निकाल आले ते सगळ्यांना चक्रावणारे. डोंगरातल्या बायकांचं रक्त बघता बघता निवळत होतं. संस्थेनं पुण्यात तपासलेल्या बायकांचं संध्याकाळपर्यंत गढूळ, आणि आमच्या बायकांचं दुपारी जेवायच्या वेळेला लख्ख. संस्थेचे मोठे डॉक्टर खूश झाले. डोंगरी माणसांच्या रक्तातच काहीतरी पिढीजात गुण आहे, असं त्यांनी जाहीर केलं. पेपरवाले भोरला आले. गिरणीच्या अंगणात बायकांचा फोटो काढला, मधोमध मावशी, सगळे दात दिसतील अशा हसणाऱ्या. 'डोंगरच्या लेकींच्या रक्तातच आरोग्य', असा मथळा. खाली मोठ्या डॉक्टरांचं नाव, त्याखाली सरांचं. सरांनाही तेव्हा ते खरं वाटत होतं. त्या दिवशी त्यांनी मला आपणहून चहा पाजला, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण ते पुन्हा घडलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याच बायकांना परत बोलावलं होतं. रक्त काढणारी शबाना मावशींचा दंड बांधत होती. शबाना भोरचीच, हाताला इतकी हलकी की बायका तिच्याशिवाय कुणाला हात देत नसत. मावशी तिला म्हणाल्या, "आज जरा बेतानं टोच गं बाय. कालच्या आरामानं सगळं अंग आंबलंया."

सर ओट्यापाशी लिहीत होते. त्यांचं पेन थांबलं.

"आरामानं अंग कसं आंबतं?"

"आता सर! ह्या ताईनं न्हवं का सांगितलं, तपासनीच्या आदल्या दिशी पुरा आराम करा म्हून. केला. म्या रानाकडं फिरकले बी न्हाई."

"मग दिवसभर काय केलं?"

"दिस मोकळा गावला म्हनल्यावर सारी ऱ्हायलेली कामं काढली की. गोधड्या वढ्याला न्हेऊन धुतल्या. जळणाचं भारं आनलं. सांजच्याला खालच्या वाडीला दळान घेऊन गेले."

"ह्याला तुम्ही आराम म्हणता?"

"मंग काय! भातलावनी थोडीच केली?"

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं आरामाच्या दिवशी घर सारवलं होतं, दुसरीनं माहेरी जाऊन-येऊन अख्खा डोंगर ओलांडला होता. त्यांच्या लेखी रानात न जाणं म्हणजे आराम. शबाना हसत सुटली, मीही. सर मात्र पांढरेफटक पडले. आम्हाला वाटलं चक्कर येतेय, पण बसा तरी कसं म्हणणार?

"आदल्या दिवशी माणूस चालला, त्यानं ओझं वाहिलं, की त्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशीही भुकेल्या असतात," ते म्हणाले. "तूप रक्तात आलं रे आलं की उचलून नेतात. हा गुण रक्ताचा नाही. पायांचा आहे. आपण खोटं छापलं."

त्यांनी तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. सर मोबाईल कानाला लावत नसत, स्पीकरवर टाकून हातभर लांब धरून बोलत, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. डॉक्टर आधी हसले. म्हणाले, बायका जशा जगतात तशा मोजल्या, त्यात चुकलं काय? सर म्हणाले, "मग तसंच लिहा. चालतात म्हणून निवळतं, असं लिहा." पलीकडून आवाज आला, "चालण्याला कोण विचारतं हो? चालणं सगळ्यांनाच माहीत आहे." आणि फोन बंद झाला.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. सरांनी ठरवलं की निदान एका बाईला खरीखुरी विश्रांती द्यायची, तीन दिवस, आणि मग मोजायचं. आता डोंगरातल्या बाईला तीन दिवस बसायला कुठलं घर देणार? ज्यांना विचारलं त्यांच्या सासवा माझ्या अंगावर आल्या. मावशींच्या घरी अडवणारं कुणी नव्हतं, आणि त्यांचा गुडघाही धरला होता. त्या हो म्हणाल्या. ठेवायचं कुठं, तर शबाना म्हणाली, "आमच्यात ठेवा."

शबानाची सासू, खाला, ही दुसरी हट्टी. "आमच्या दारात पाव्हनी यून भांड्याला हात लावनार? लोक शेन घालतील तोंडात," असं म्हणून त्या मावशींच्या खाटेपाशीच ठाण मांडून बसल्या. सरांनी जेवण घरच्यासारखंच ठेवायला लावलं होतं, भाकरी आणि कालवण. पाहुणीला गोडधोड करू देत नाहीत म्हणून खाला सरांवर तोंड टाकायच्या. पहिल्या दिवशी मावशी दर घटकेला उठायच्या आणि खाला त्यांना खांदा धरून बसवायच्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तर मावशी रडवेल्या होत्या. "ह्ये पाय माजंच हायत का गं?" तिसऱ्या दिवशी भर दुपारी गाढ झोपलेल्या. उठल्यावर लाजून म्हणाल्या, "बाळतपनात बी दिसाची अशी निजले न्हवते."

चौथ्या दिवशी सकाळी शबानानं त्यांचं रक्त काढलं. नळी यंत्रात फिरवली की रक्ताचा लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी दिसतं. तूप प्यायल्यावर ते पाणी पेजेसारखं जरा गढूळतं, आमच्या रोजच्या बघण्यातलं. मावशींचं पाणी तूप पाजायच्या आधीच गढूळ होतं. पेज पिऊन झाल्यावर पुढची नळी फिरवून शबानानं बाहेर काढली आणि तिच्या तोंडून निघालं, "या अल्ला, दूध!"

खरंच दूध होतं. पांढरं, दाट. मावशींनीही पाहिलं आणि खुदकन हसल्या, "दत्त्याच्या येळंला आटलं व्हतं, त्ये हितं जाऊन बसलं व्हय!"

सरांचं म्हणणं सिद्ध झालं होतं. त्यांनी नाचायला हवं होतं. ते खिडकीत नळी धरून उभेच राहिले. पुटपुटले, "एवढं नको होतं." मग आम्हाला सांगितलं की ह्या बाईंच्या शरीरात तूप उचलणारा हातच जन्मापासून लुळा आहे, आजवर त्यांनी सगळं पायांवर निभावून नेलंय. चालणं थांबलं आणि वर तूप-साखर सुरू झाली तर एक दिवस पोटात आतून आग पेटेल आणि ती विझवता येणार नाही. मावशींना त्यांनी समोर उभं करून सांगितलं, गोड नको, तूप नको, तळलेलं नको आणि बसणं तर नकोच. मावशी म्हणाल्या, "त्यातलं हाय काय माज्या घरात? आन् बसवतंय कोन मला?"

सर त्यांना भोरच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेले, पण पंधरवड्यानं. तोवर मावशी भातकापणीला लागल्या होत्या आणि वाडीवरून चालत खाली आल्या होत्या. रक्तातल्या चरबीचा आकडा जरासाच वर निघाला. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे ठीक आहे. सर त्यांच्याशी भांडले. अर्थात.

मग त्यांनी शहाण्या माणसानं करू नये ते केलं. सगळं खरं खरं लिहून संस्थेला पाठवलं. संस्थेनं त्यातलं एकच वाक्य वाचलं, की मंजुरीशिवाय बाईचं रक्त काढलं. नियमानं ते बरोबर होते, मी नाकारत नाही. नियम लोकांना हवा तेव्हा बरोब्बर आठवतो. सरांना काढलं, मावशींचा तो निकाल रद्द धरला, गिरण बंद झाली आणि यंत्रं टेम्पोत घालून पुण्याला गेली. शबाना एका दवाखान्यात लागली, मी नसरापूरला शिवणकाम घेतलं. सर मात्र भोरातच खोली घेऊन राहिले. गाडी मिळेल तिथवर गाडीनं आणि पुढं चालत हिर्डोशीला जायचे, मावशींना नुसतं बघून यायचे. ते परत निघताना त्या नाचणीचं पीठ द्यायच्या. "कुनीतरी चालतंय माज्यासाटी," असं मला म्हणायच्या, हसून.

शिमग्याच्या सुमाराला मावशींचा गुडघा फारच सुजला आणि दत्ता टेम्पो घेऊन आईला न्यायला आला. सरांना कुठून कळलं कोण जाणे, मला फोन करून ते निघालेसुद्धा. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात सामान भरणं चाललं होतं. सरांनी ना रामराम केला ना पाणी घेतलं. "आईंना बसून खाऊ देऊ नका," हे पहिलं वाक्य. मग रक्त, दूध, तूप, सगळं एका दमात.

दत्ता शांतपणे ऐकत होता. वाईट मुलगा नव्हता तो. म्हणाला, "सर, तुमी यायच्या आदीच म्या पुन्याच्या संस्थेत फोन केलता. ते म्हनले, आयचं रिपोर्ट येक नंबर हाय. त्यांनी पेपरात बी दिलंय, तुमचंच नाव हाय खाली." त्यानं खिशातून मोबाईल काढून बातमीचा फोटो दाखवला. "आन् ते म्हनले, तुमाला काढून टाकलंय."

"ते छापलेलं चूक आहे."

"तुमीच छापलं न्हवं?"

"हो. मीच. चूक आहे."

"माज्या आयनं जल्मभर डोकीवरनं भारं वायलं. आता दोन घास बसून खायाची पाळी आली तर तुमी म्हनताय चालवा तिला? माजी आय काय बैल हाय का?"

इथं एखाद्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता. दत्ता ऐकणारा होता, मला आजही वाटतं. सर म्हणाले, "बैल असत्या तर बरं झालं असतं. बैलाला कुणी तूप चारून सोफ्यावर बसवत नाही."

दत्ताच्या चुलत्यानं दत्ताला धरलं म्हणून, नाहीतर हात पडला असता. "निगा हितनं, येड्या," चुलता ओरडला. मावशी टेम्पोत पुढं बसल्या होत्या. काचेतून म्हणाल्या, "सर, पोरावर रागावू नगा. मायेनं न्हेतंय. म्या तितं बी चालंन." टेम्पो गेला तरी सर वाटेत उभे होते.

कात्रजला मी एकदा जाऊन आले. चौथा मजला, खाली रस्ता असा की धडधाकट माणसानं ओलांडताना देवाचं नाव घ्यावं. मावशी टीव्हीसमोर सोफ्यावर. उजळल्या होत्या, गाल वर आले होते, येणारा जाणारा कौतुक करत होता. "सून लई गुनाची हाय. पान्याचा तांब्या बी उचलू देत न्हाई," असं मला अभिमानानं सांगितलं. मग सून आत गेल्यावर हळूच, "पाय इसरत चाललं गं माजं." सुनेला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि निघताना तूप सुटलेल्या शिऱ्याचा डबा माझ्या हातात दिला. आईंसाठी रोज करते, म्हणाली.

आषाढात मावशी गेल्या. दुपारी पोटात कळ उठली, दवाखान्यात नेलं, त्या शुद्धीवर परत आल्याच नाहीत.

तेराव्याला सर आणि मी हिर्डोशीला गेलो. पावसानं वाट घसरडी झाली होती. सर वाटभर पुटपुटत होते. काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती हे मला कळत होतं. ह्या माणसाला अपमान कळत नाही, वेळकाळ कळत नाही. आज हा भरल्या पंगतीत मुलाला सांगणार की तू आईला मारलंस. आणि खरं सांगते, मनातून मलाही ते हवं होतं. कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवंच होतं.

ओसरीवर मावशींचा फोटो, तोच पेपरातला, मोठा करून हार घातलेला. शेजारी ती बातमी लॅमिनेशन करून टांगलेली. दत्ताचं डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. सरांना पाहून तो उठून आला आणि सरळ पायांवर वाकला.

"त्या दिशी लई बोललो सर. राग धरू नगा." त्याचा आवाज फाटत होता. "स्वादुपिंडाला सूज आली म्हनले. दारू पिनाऱ्याला व्हतो म्हनं ह्यो आजार. माजी आय तर चा बी गुळाचा प्याची. रगात तपासाया घेतलं तर पांढरं निगालं, मिशीनच चालंना म्हनले. कायतरी मिशीनचंच बिगडलं आसंल. तिचं रगात तर चांगलं व्हतं, तुमीच लिव्हलंय त्ये हितं." त्यानं बातमीकडे बोट दाखवलं. "चांगलं व्हतं न्हवं सर?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, वाटेत घोकलेलं सगळं ओठांवर आलं होतं. दत्ताची बायको दारात येऊन उभी राहिली, तिच्या हातात शिऱ्याचं पातेलं होतं.

"हो," सर म्हणाले. "रक्त चांगलं होतं त्यांचं."

दत्ता लहान पोरासारखा रडायला लागला. चुलत्यानं पंगतीतला पाट पुढं सरकवला, आणि सर त्यावर बसले. मांडी घालून. शिरा वाढला तो त्यांनी खाल्ला, सून दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हाही पानावर हात आडवा धरला नाही. तुपाचा ओघळ पानाच्या कडेला आला तो भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतला. पंगत उठली, पाट उचलले गेले, तरी ते भिंतीला टेकून बसलेलेच.

मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, गाडी चुकेल. चालायचं ना?"

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले.

मी पायऱ्या उतरत होते. मागं अंगणात हात धुता धुता चुलता कुणाला तरी सांगत होता, "मास्तर भला मानूस हाय गड्या. आमीच उगं येडा समजत हुतो."